वीतभर अंतरावरचा चेहरा

श्रोतेहो, नमस्कार.

पाळण्यातलं बाळ झोपेत हसलं की घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, सटवाई हसवतेय. पहिल्या महिन्यातलं ते हसू खरोखरच आपल्यासाठी नसतं. हलक्या झोपेत पापण्यांआड बुबुळं फिरत असतात, तेव्हा ओठांचे स्नायूही आपोआप हलतात. पण त्याच दिवसांत, जागेपणी, बाळाला आपलं हसू दिसतं का? दिसू शकतं. मात्र चेहरा जवळ हवा आणि हलता हवा.

2014 साली ऑस्लो विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ स्वाइन मॅग्नुसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोठ्या युक्तीनं तपासलं. भाव बदलणाऱ्या चेहऱ्यांच्या चित्रफिती घेतल्या. दोन-तीन दिवसांच्या बाळाची नजर जेवढा तपशील टिपते, तेवढाच त्यांत ठेवला आणि त्या मोठ्या माणसांना दाखवल्या. त्या अंधूक चित्रातून मोठ्यांनाच भाव ओळखता आला नाही, तर बाळाला येणं शक्यच नाही. 30 सेंटीमीटरवरून दिसेल तसा चेहरा दाखवला, तेव्हा चारपैकी तीन वेळा भाव बरोबर ओळखले गेले. 60 सेंटीमीटरच्या चित्रात नुसता अंदाजपंचे कारभार उरला.

असं का होतं? डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, मध्यभागी बारीक तपशील टिपणाऱ्या शंकुपेशी असतात. नवजात बाळात त्या आखूड, जाड आणि विरळ असतात. चांगल्या नजरेचा माणूस 20 फुटांवरून जे टिपतो, त्यासाठी बाळाला साधारण एका फुटावर यावं लागतं. लांबच्या वस्तूवर डोळ्यातलं भिंग नीट जुळत नाही म्हणून बाळाला दिसत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. मोठी अडचण ती नाही. अंतर दुप्पट झालं की दृष्टिपटलावरचा चेहरा निम्म्या आकाराचा होतो आणि त्या विरळ जाळीतून डोळे-तोंडच निसटतात. एक वीत ते फूटभर, म्हणजे 22 ते 30 सेंटीमीटर, हे अंतर धरा. बाळ पदराखाली पीत असताना आईचा चेहरा जवळपास तिथेच असतो.

तिथून त्याला काय दिसतं? पापण्यांचे केस किंवा गालावरची खळी नाही. केसांची कड, डोळ्यांच्या दोन गडद जागा आणि तोंडाची फट. आपण हसलो की ही फट रुंदावते, मधे दातांची उजळ पट्टी येते. हा बदल हालचालीमुळे उठून दिसतो, तो स्थिर फोटोत हरवतो.

पण दिसणं वेगळं आणि समजणं वेगळं. संशोधक तेरेसा फार्रोनी यांच्या 2007 च्या अभ्यासात नवजात बाळं भ्यालेल्या चेहऱ्यापेक्षा हसऱ्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघत राहिली. भ्यालेला आणि निर्विकार चेहरा मात्र त्यांना सारखाच होता. भीतीच्या चेहऱ्याकडे खास लक्ष जाऊ लागतं ते सातव्या महिन्याच्या आसपास. म्हणून “तुझा काळजीचा चेहरा बाळ वाचतंय” असं म्हणून बाळंतिणीला घाबरवू नका. ती बिचारी आधीच थकलेली असते.

आता प्रत्यक्ष कृती. बाळ पिऊन शांत झालंय, डोळे उघडे आहेत, हातपाय फारसे हलत नाहीत, अशी पाच-दहा मिनिटं निवडा. मानेखाली आधार देऊन त्याला समोर धरा. खिडकी तुमच्या पाठीमागे नको. तसं झालं तर चेहऱ्याची नुसती काळी आकृती दिसते. आधी काही सेकंद स्थिर राहा, त्याची नजर चेहऱ्यावर ठरू द्या. मग सावकाश हसा, ते हसू टिकवा आणि थांबा. इथेच बहुतेक जण घाई करतात, एकामागून एक भाव बदलतात, टाळ्या वाजवतात, आणि बाराव्या दिवशी बारशाला तर पाच-सहा चेहरे एकदम पाळण्यावर झुकतात. बाळानं तोंड फिरवलं, जांभई दिली, बोटं फाकवली की त्याला पुरे झालंय. तिथेच थांबावं.

बाळंतिणीच्या कानाला बांधलेल्या रुमालाबद्दल एक गोष्ट. चार दिवसांची बाळं आईचा चेहरा अनोळखी बाईच्या चेहऱ्यापासून वेगळा ओळखतात, पण केसांची कड रुमालानं झाकली की ती ओळख पुसली जाते, असं फ्रान्समधल्या 1995 च्या प्रयोगात दिसलं. रुमाल बांधू नये असं नाही. आवाज आणि वास ओळखीचे असतातच. चेहरा दाखवायच्या वेळी तो थोडा मागे सारा, एवढंच.

जागेपणी आपल्याकडे बघून हसणं साधारण सहा ते आठ आठवड्यांनी सुरू होतं. तीन महिन्यांपर्यंत बाळ नजरेला नजर देत नसेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली तर एक दिवसही थांबू नका. आणि बाळ 34 आठवड्यांआधी जन्मलं असेल किंवा जन्मतः वजन 2 किलोपेक्षा कमी असेल, तर सगळं ठीक दिसत असलं तरी दृष्टिपटलाची तपासणी 30 दिवसांच्या आत करून घ्या. फारच लवकर जन्मलेल्या बाळांची ती दोन-तीन आठवड्यांतच करतात.

नमस्कार.