डोकी न मोजता घेतलेला निर्णय

(दृश्य: इंग्लंडमधलं एक क्वेकर सभागृह. वर्तुळात मांडलेल्या खुर्च्या. एका कडेला साधं टेबल, त्यामागे दोघं बसलेले.)

रविवारची उपासना आटोपली, चहा झाला. आता याच खुर्च्यांवर याच माणसांची कामकाजाची सभा भरते आहे. विषयपत्रिकेवर छपराची दुरुस्ती आहे, अंदाजपत्रक आहे, नवा खजिनदार नेमायचा आहे. पण सुरुवात होते ती शांततेनं. काही मिनिटं कुणीच बोलत नाही. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ. त्यांच्या लेखी ही सभासुद्धा उपासनाच आहे, आणि छपराचा खर्चही ईश्वरासमोर बसूनच ठरवायचा असतो.

टेबलामागे क्लार्क आणि सहायक क्लार्क. सभा चालवायची, सभेचा कल ओळखायचा आणि तो लिहून काढायचा, एवढं त्यांचं काम. स्वतःचं मत ते मांडत नाहीत. ज्याला बोलायचंय त्यानं उभं राहायचं, क्लार्कनी खूण केली की बोलायचं, आणि एका विषयावर शक्यतो एकदाच. एकजण खाली बसला की दुसरा लगेच उठत नाही. मध्ये थोडा वेळ जाऊ देतात, आधीचं बोलणं मनात उतरावं म्हणून.

मतदान होत नाही. सतराव्या शतकात पंथाचा प्रवर्तक जॉर्ज फॉक्स यानं गावोगावच्या मासिक सभांची घडी बसवली, तेव्हापासून नाही.

(दृश्य: टेबलावरचे हात, कागद, लॅपटॉप.)

समजा, शिल्लक रक्कम छपरावर घालायची की मागची खोली हिवाळ्यात बेघरांसाठी उघडायची, असा प्रश्न आहे. चौघं छपराच्या बाजूनं बोलले, दोघी खोलीच्या बाजूनं. चार विरुद्ध दोन, विषय संपला, असं इथे होत नाही. बोलणं थांबतं. क्लार्क लिहायला घेतात आणि तेवढा वेळ सगळी सभा गप्प राहून त्यांना साथ देते. मग मसुदा मोठ्यानं वाचला जातो: छपराचं काम आधी करावं, खोलीचा विषय पुढच्या सभेत पुन्हा घ्यावा. मागच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहतात. खोलीच्या खर्चाचे आकडे कोण आणणार, तेही लिहा, म्हणतात. नाव घातलं जातं. पुन्हा वाचन. नोंद मान्य आहे का, असं क्लार्क विचारतात आणि खुर्च्यांवरून उत्तर येतं, ‘अशी आशा आहे.’ त्यानंतरच पुढचा विषय.

आपल्या संस्थांच्या वार्षिक सभेत पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. इतिवृत्त लिहिलेलं असतं नंतर कधीतरी, सचिवांच्या सवडीनं. वर्षभरानं ते ऐकताना कोण काय बोललं, कशावर अडलं, कुणाच्या लक्षात राहणार? क्वेकरांकडे निर्णय आणि त्याची नोंद एकाच बैठकीत, सगळ्यांच्या कानांवर पडून होतात. या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते. ती उचलायला क्वेकर असावं लागत नाही.

एखाद्याला पटलंच नाही तर? तो तसं सांगून बाजूला होऊ शकतो, सभेला अडवत नाही. हरकत जड असेल, तर विषय पुढे ढकलतात.

(दृश्य: जुनं हस्तलिखित, फिलाडेल्फिया.)

पुढे ढकलण्याची किंमत कधीकधी दुसरेच मोजतात. 1688 साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनमध्ये चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध एक निवेदन लिहिलं. फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस त्यांपैकी एक. मासिक सभेनं म्हटलं, विषय आमच्यासाठी फार जड आहे, आणि तो वर पाठवला. तिमाही सभेनं आणखी वर पाठवला. बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेनंही निकाल दिला नाही. कागद दप्तरात पडून राहिला, तो 1844 मध्ये पुन्हा सापडला. दरम्यान जॉन वुलमनसारखी माणसं घरोघर जाऊन, गुलाम बाळगणाऱ्या आपल्याच बांधवांच्या समोर बसून बोलत राहिली. 1758 मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना सभेच्या कामातून दूर ठेवायचं ठरवलं. गुलाम बाळगण्यालाच मनाई झाली ती 1776 मध्ये. अठ्ठ्याऐंशी वर्षं! सगळ्यांना बरोबर घेऊन जाण्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण त्या वर्षांत जे साखळदंडात जन्मले आणि तसेच मेले, त्यांना त्या सभेत उभं राहून बोलायची सोय नव्हती. ज्याच्यावर निर्णयाचा भार पडणार तो खोलीत आहे का, हे आधी बघायला हवं होतं.

2009 मध्ये यॉर्कला ब्रिटनची वार्षिक सभा भरली, तेव्हा समलिंगी जोडप्यांचे विवाह इतरांसारखेच लावायचे, असं मतदानाशिवाय ठरलं. इंग्लंड-वेल्सचा कायदा 2013 मध्ये आला.

(दृश्य: स्वार्थमूर हॉल, मग हिशेबाची वही.)

पैशाची शिस्तही तितकीच जुनी. 1654 मध्ये स्वार्थमूर हॉलच्या मार्गारेट फेल यांनी केंडल फंड उभा केला. फिरत्या प्रचारकांचा खर्च आणि तुरुंगात पडलेल्यांना मदत त्यातून जायची. केंडलचे जॉर्ज टेलर आणि थॉमस विलन पैसे जमवायचे आणि त्यांचा हिशेब ठेवायचे. क्वेकरांच्या छळाच्या त्या काळात पै-पैची नोंद हा परस्परांवरच्या विश्वासाचा आधार होता.

आज त्याच कामावर धर्मादाय कायद्याची देखरेख आहे. एरिया मीटिंगचे, म्हणजे एका भागातल्या सभांच्या गटाचे, विश्वस्त मालमत्ता, राखीव निधी, कर्मचारी आणि लहान मुलांची सुरक्षितता यांना कायद्यानं जबाबदार असतात. ज्याचा विषयात हितसंबंध आहे तो आधीच तसं सांगतो. बँकेतून पैसे काढायला दोघांची मंजुरी लागते, आणि ही पद्धत खजिनदारावरच्या संशयापोटी आलेली नाही, तिनं त्यालाच संरक्षण मिळतं. नोंदणी असेल तर आर्थिक वर्ष संपल्यापासून दहा महिन्यांत हिशेब धर्मादाय आयोगाकडे जायला हवेत. सभेला थांबता येतं, या तारखेला थांबता येत नाही. म्हणून चांगल्या ठिकाणी हिशेबाचे आकडे आठवडाभर आधी सगळ्यांच्या हाती पडतात, खजिनदार ते सोप्या भाषेत समजावतात, आणि विश्वस्त कशाला होकार देऊ शकतात व काय सभेनंच ठरवायचं, हे लिहून ठेवलेलं असतं.

नेमणुका साधारण तीन वर्षांच्या. नामनिर्देशन समिती एकेकाला गाठून विचारते. पण सदस्य कमी होताहेत, वय वाढतंय, आणि हल्ली सर्वांत अवघड जागा खजिनदाराचीच असते. काही एरिया मीटिंग शेजारच्यांशी जोडल्या गेल्या, काहींनी हिशेबाला पगारी माणूस ठेवला. या सभेतही तो विषय शेवटी येतो. क्लार्क विचारतात, नाव सुचलंय का? समितीच्या बाई सांगतात, अजून दोघांशी बोलायचंय. तेवढीच नोंद होते, वाचली जाते, मान्य होते.