हाताला कळतं ते डोळ्यांना विचारू नका

पाठ्यपुस्तकात एर्गोनॉमिक्सचे, म्हणजे वस्तू वापरणाऱ्या माणसाला साजेशी घडवण्याच्या शास्त्राचे, दोन वेगळे धडे असतात. शारीरिक एर्गोनॉमिक्समध्ये हाताचा पल्ला, मनगटाचा कोन, पकड, पाठीवरचा ताण. बोधात्मक एर्गोनॉमिक्समध्ये लक्ष, स्मरण, निर्णय, चुका. परीक्षेला ही विभागणी सोयीची आहे. वस्तू घडवताना मात्र ती अंगाशी येते, असं माझं मत आहे.

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट घ्या. अमेरिकेची बी-17 बॉम्बफेकी विमानं मोहिमेहून सुखरूप परतायची, धावपट्टीवर टेकायची आणि मग पोटावर बसायची. वैमानिकाला फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, मिटायच्या असत, पण तो मिटत असे चाकं! अहवालात शेरा पडायचा : वैमानिकाची चूक. अल्फॉन्स शापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं, तर दोन्हींची बटणं शेजारीशेजारी आणि दिसायला सारखीच. सी-47 विमानात ती अशी नव्हती, आणि तिथे हा प्रकारही होत नव्हता. त्याने चाकांच्या बटणावर रबराचं छोटं चाक बसवलं आणि फ्लॅपच्या बटणावर पाचरीसारखा चपटा तुकडा. असे अपघात थांबले. चाकांच्या लिव्हरची मूठ चाकासारखी असावी, हा आता मोठ्या प्रवासी विमानांचा नियमच आहे.

आता मला सांगा, ही दुरुस्ती शारीरिक की बोधात्मक? बदलला तो मुठीचा आकार, म्हणजे हाताचा विषय. हलकं झालं ते डोकं. थकलेल्या माणसाला ‘यातलं कुठलं?’ हे आठवावंच लागेना, कारण बोटांना ते आधीच कळलेलं होतं.

शरीराच्या मापांबद्दल थोडक्यात. 1950 मध्ये अमेरिकी हवाई दलाने 4,063 वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तिथल्या संशोधकाने त्यातली दहा मापं निवडली आणि दहाही बाबतींत सरासरीच्या आसपास बसणारे किती, ते पाहिलं. एकही नाही. म्हणून सरासरी माणसासाठी केलेली खुर्ची कुणाचीच नसते. हात पोचायला हवा तिथे लहान चणीच्या माणसाचं माप धरा, अंग मावायला हवं तिथे मोठ्या चणीच्या, आणि जमेल तिथे वस्तू कमी-जास्त करता येऊ द्या. हे बहुतेकांना माहीत असतं. तरी नमुना तयार झाला की तो पहिल्यांदा कार्यालयातल्या धडधाकट तरुणाच्याच हातात का देतात, कोण जाणे.

मनाला मात्र मोजपट्टी लावता येत नाही, असा एक समज आहे. लावता येते. चार बर्नरची शेगडी आठवा : बर्नर चौकोनात, नॉब एका ओळीत. कुठला नॉब कुठल्या बर्नरचा, हे दर वेळी चित्र पाहून ठरवायचं. शापानिस आणि लिंडेनबॉम यांनी 1959 मध्ये चार मांडण्या तपासल्या. पुढचे आणि मागचे बर्नर एकमेकांपासून थोडे सरकवून मांडले, की डावीकडून उजवीकडे त्यांचा क्रम नॉबच्या क्रमाशी जुळतो. त्या मांडणीत लोकांची एकही चूक झाली नाही. उरलेल्या तिन्हींत झाल्या. लेबलं वाढवून हे साधलं नसतं. लेबल चिकटवणं म्हणजे पुष्कळदा मांडणी फसल्याची कबुलीच.

पण हाताला काही सांगण्याची सोयच नसेल, तर? मग दिव्यावर विसंबावं लागतं, आणि दिवा खरं बोलणारा हवा. 28 मार्च 1979 च्या पहाटे अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुवीज प्रकल्पात एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. नियंत्रण कक्षातला त्याचा दिवा विझलेला होता, म्हणून कर्मचाऱ्यांनी व्हॉल्व्ह बंद झाला असं धरलं. तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता. व्हॉल्व्हला काय आज्ञा गेली, एवढंच दाखवत होता. दोन तासांहून अधिक काळ तिथून थंडाव्याचं पाणी निसटत राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. तुमच्या यंत्रावर ‘सेव्ह झालं’ असं उमटतं, तेव्हा फाइल खरोखर साठवली गेलेली असते की नुसती विनंती पाठवलेली असते? एवढं एकदा तपासून बघा.

टचस्क्रीनवर माझा राग आहे, तोही याच कारणाने. काच सपाट असते. मोटारीतला पंख्याचा जुना नॉब रस्त्यावरची नजर न काढता फिरवता यायचा. काचेवरचं बटण आधी डोळ्यांनी शोधावं लागतं, आणि त्या वेळी डोळे तर दुसऱ्या कामात असतात. काच स्वस्त पडते, पुढे बदल करणं सोपं जातं, ही कारणं मला मान्य आहेत. पण ती बनवणाऱ्याच्या सोयीची कारणं आहेत. युरो एनकॅप ही वाहन सुरक्षा चाचणी संस्था 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा मोजक्या गोष्टींना प्रत्यक्ष बटणं असतील तर गुण देते, हे बरं झालं.

तपासायचं कसं, असं मला हमखास विचारतात. वापरणाऱ्याचे हात ओले करा, चष्मा काढायला सांगा, मध्येच त्याला काहीतरी विचारून त्याचं लक्ष उडवा. तुम्ही मागे गप्प बसा. गप्प बसणं डिझायनरला फार जड जातं. ‘अहो, तसं नाही, इकडून दाबा’ असं तोंडून निघतंच. निघालं की ते वाक्य वहीत लिहा, आणि ते न बोलताही काम होईल असा बदल वस्तूत करा.