तालमीची बातमी गावाबाहेर

(दृश्य : देवळासमोरचा मंडप. बांबूंवर पडदा चढवणारी माणसं.)

गोव्यात जत्रा आली की नाटक आलंच. पेडण्यापासून काणकोणपर्यंत, देवळापुढच्या मंडपात गावचीच माणसं तोंडाला रंग लावून उभी राहतात. कुणी शाळेत शिकवतो, कुणी बँकेत आहे, कुणाचं बाजारात दुकान. कित्येक रात्री तालीम करायची, एक रात्र प्रयोग करायचा आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं. यातली काही मंडळं पुढे कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत उतरतात, फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात किंवा साखळीच्या रवींद्र भवनात प्रयोग करतात.

पूर्वी या नाटकांची वार्ता कशी पसरायची? तिठ्यावर फळा लागायचा. गाडीवर भोंगा बांधून गावोगाव पुकारा व्हायचा. मुंबईत राहणाऱ्या महाजनांना, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांना, उत्सवाची छापील पत्रिका पोस्टाने जायची. सांगणारा माणूस ओळखीचा असायचा, म्हणून लोक यायचे.

(दृश्य : मोबाइलच्या पडद्यावर एकामागून एक सरकणारे जाहिरातफलक.)

आज प्रत्येक मंडळाकडे फेसबुकचं पान आहे, व्हॉट्सअ‍ॅपचे गट आहेत. आणि बहुतेकांचा प्रचार एका फलकावर संपतो. वर पदाधिकाऱ्यांचे फोटो, मध्ये प्रमुख पाहुणे, तळाला बारीक अक्षरांत नाटकाचं नाव. तो आदल्या दिवशी दिसेल त्या गटात टाकला जातो. चार बोटं रुंद पडद्यावर ती अक्षरं वाचता येत नाहीत. प्रेक्षकाला हवं असतं ते एवढंच : कोणतं नाटक, कोणत्या गावात, कोणत्या देवळाजवळ, किती तारखेला, किती वाजता, आणि कोण काम करतंय. हे मोठ्या अक्षरांत आधी यायला हवं. मान्यवरांचा मान निमंत्रणपत्रिकेत राखता येतो.

पण फलक सुधारला तरी काम अर्धंच होतं. मंडळाकडची खरी दौलत फलकात नाहीच, ती तालमीत आहे.

(दृश्य : शाळेच्या वर्गात चाललेली तालीम. पेटीवर सूर धरलेला.)

एखादा नवा मुलगा पहिल्यांदा पद म्हणतोय. समेवर येताना चुकतोय, पेटीवाले थांबतात, पुन्हा सूर देतात, आणि या वेळी तो नेमका येतो. एवढा प्रसंग मोबाइल उभा धरून टिपला की रील तयार. भारतात इन्स्टाग्रामवर रील्स आल्या जुलै 2020 मध्ये. तेव्हापासून ज्यांनी तुमचं नाव कधी ऐकलं नाही, त्यांच्यासमोरही तुमचा व्हिडिओ जाऊ शकतो. डिचोलीच्या मंडळाची तालीम मडगावच्या कॉलेजातल्या मुलीने पाहावी, हे भोंग्याला जमलं नसतं. आठवड्याला असा एकच तुकडा पुरे. नाटकाच्या रात्रीपर्यंत लोकांना त्या मुलाचं नाव ठाऊक झालेलं असतं आणि ते त्याचं पद ऐकायला येतात. लहान मुलांचं चित्रीकरण टाकण्यापूर्वी मात्र आईवडिलांना विचारावं. गाव ओळखीचं असलं तरी विचारावं.

(दृश्य : कपाटातून निघालेले जुने फोटो.)

दुसरी दौलत घराघरांतल्या कपाटांत आहे. गोवामुक्तीनंतरच्या काळातल्या प्रयोगांचे कृष्णधवल फोटो, पिवळ्या पडलेल्या पत्रिका. यातला एक फोटो स्कॅन करून पानावर टाका आणि विचारा : यात कोण कोण आहे? उत्तरं कुठून कुठून येतात पाहा. स्त्रीभूमिकेत उभा असलेला तो आमचा आजोबा, असं कुणी आखातातून लिहितं. मागचा पडदा कुणी रंगवला, ते कुणी ठाण्याहून सांगतं. या माणसांनी पुढे उत्सवाला देणगी दिली तर ती आनंदाचीच गोष्ट, पण त्याही आधी मंडळाचा इतिहास लिहून होतो आहे. तो कुठल्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही. म्हणून त्या प्रतिक्रिया वहीत उतरवून ठेवाव्यात. फेसबुकवरचं थेट प्रक्षेपण आता तीस दिवसांनी काढून टाकलं जातं. ज्या मंडळांना प्रयोग जपून ठेवायचा आहे त्यांनी तो उतरवून घ्यावा, यूट्यूबवर ठेवावा आणि एक प्रत स्वतःच्या हार्डडिस्कवर असू द्यावी.

पूर्ण नाटक यूट्यूबवर चढवण्याआधी एक पायरी आहे आणि ती चुकवू नये. प्रयोगाची परवानगी म्हणजे प्रक्षेपणाची परवानगी नव्हे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. देवल 1916 साली गेले, गडकरी 1919 साली, खाडिलकर 1948 साली. त्यांच्या संहिता आता सर्वांसाठी मोकळ्या आहेत. आजच्या लेखकाचं नाटक असेल तर त्याला पत्र लिहून, मानधन ठरवूनच पुढे जावं. पार्श्वसंगीत म्हणून कुठल्या कंपनीची ध्वनिमुद्रिका वाजवली असेल, तर व्हिडिओचा आवाज बंद पडू शकतो. आपल्याच पेटी-तबल्यावर आपल्याच गायकाने जुनं पद म्हटलं, तर ही अडचण फार कमी येते, आणि ऐकायलाही तेच गोड.

(दृश्य : मंडळाची बैठक. सतरंजीवर वही, शेजारी मोबाइल.)

पान कुणाच्या खासगी खात्यावर चालवू नये. मंडळाच्या नावाने ईमेल काढावा, किमान दोघा-तिघांकडे ताबा असावा. सांभाळणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला की पान मुकं होतं, हे गावोगाव घडलंय. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात 1024 माणसं मावतात, पण गटात सुप्रभातचे संदेश सुरू झाले की लोक आवाज बंद करून ठेवतात. त्यापेक्षा 2023 मध्ये आलेलं चॅनेल बरं. तिथे फक्त मंडळ बोलतं, आणि सदस्यांचे नंबरही एकमेकांना दिसत नाहीत.

(दृश्य : प्रयोगाची संध्याकाळ. दिवे लागलेले.)

प्रयोगाच्या दिवशी प्रश्न धडाधड येतात. पडदा नक्की किती वाजता? गाडी कुठे लावायची? फोंड्याहून शेवटची बस मिळेल का? त्या संध्याकाळी एका माणसाला दुसरं काही काम देऊ नये. त्याने मोबाइल घेऊन बसावं आणि प्रत्येकाला उत्तर द्यावं, नावानिशी. आणि नाटक संपलं की रात्रीच फोटो टाकावेत. नटांबरोबर रंगभूषा, प्रकाश, नेपथ्य, पेटी, तबला आणि पडद्यामागून वाक्यं पुरवणारा, सगळ्यांची पूर्ण नावं हवीत. एखादं नाव चुकलं असेल तर कुणीतरी कळवतंच. ते सकाळपर्यंत दुरुस्त झालेलं असावं.