सहा पात्यांचा हिशेब

(पडद्यावर अंधार. आधी फक्त आवाज.)

ऐकायला मशीन ठणठणीत आहे. दोन सिलिंडरांचा ठेका सरळ चाललाय, कुठे अडखळणं नाही, धूरही बेताचा. अडचण एकच. बोटीवर एकही दिवा पेटलेला नाही.

(टॉर्चचा झोत. गंजलेलं झाकण, तेलकट हात.)

मालवणचं बंदर. सप्टेंबर. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटी, कुणी चुडतांनी शाकारलेल्या, कुणी निळ्या ताडपत्रीने, आता एकेक करून पाण्यात उतरतायत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं प्रवाळ बघायला पाणबुडे आणि पर्यटक येतील, त्याआधीची ही घाई.

या लाकडी बोटीच्या पोटात साडेसात केव्हीएचा जनरेटर आहे. भंगारात निघालेल्या कुठल्याशा जहाजावरून सुटला, मुंबईच्या दारूखान्यातून, म्हणजे तिथल्या जहाजांच्या भंगारबाजारातून, टेम्पोने इथवर आला. नावाच्या पट्टीवरची बरीचशी अक्षरं मिठाने खाल्लीत. वाचता येतं ते एवढंच: मिनिटाला 1500 फेरे, 50 हर्ट्झ. दिवे, फ्रीज, पाण्याचा पंप आणि पाणबुड्यांच्या टाक्या भरणारा कॉम्प्रेसर, सगळं याच्या जिवावर.

बोटीवर जनरेटर म्हटलं की या किनाऱ्यावर पहिला प्रश्न एलईडीचा येतो. प्रखर दिव्यांनी मासे गोळा करून पकडायला केंद्र सरकारने 2017 साली बंदी घातली, आणि तेव्हापासून असं मशीन दिसलं की लोक संशयाने बघतात. ही बोट मासे पकडत नाही, एवढं सांगून पुढे जाऊ.

(मिस्त्री वाकून आत उतरतात.)

सत्तरीकडे झुकलेले हे गृहस्थ. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात. मालक तिशीतला.

"मिस्त्रीनू, मशीन चालू हा, पण करंट येणा नाय."

"बंद कर. आधी हुंगूया, मगे पानो हातात घेऊ."

आणि खरोखरच ते नाक लावतात. इंजिनाला नाही, त्याच्या मागे जोडलेल्या अल्टरनेटरला. तारांची गुंडाळी जळली असेल तर जळक्या वार्निशचा वास येतो, एकदा घेतला की विसरता न येणारा. इथे नुसता ओलसर, बुरशीचा वास. मिस्त्रींचा चेहरा जरा सैल होतो.

जनरेटर म्हणजे एका दांड्यावर बसवलेली दोन यंत्रं. पुढचं डिझेल जाळून फिरतं, मागचं त्या फिरण्यातून वीज काढतं. पण मागच्याला वीज काढायला आधी चुंबकत्व लागतं, आणि ते चुंबकत्व तयार करायला वीज. ही गाठ सुटते ती लोखंडात आदल्या वेळचं थोडंसं चुंबकत्व शिल्लक राहतं म्हणून. तेवढ्या विरजणावर पुढचं दही लागतं. साडेतीन महिने मशीन बंद राहिलं, आणि विरजणच संपलं. मीटरवर 230 सोडा, एक व्होल्टही दिसत नाही.

उपाय माहीत आहे: 12 व्होल्टच्या बॅटरीचा झटका. मालक बॅटरी उचलायला निघतोसुद्धा. मिस्त्री त्याला थांबवतात, कारण पावसाळा नुसतं चुंबकत्व नेत नाही, गुंडाळीत दमटपणाही सोडून जातो. ओल्या गुंडाळीत वीज खेळवली तर मघाशी न आलेला तो वास नक्की येईल. म्हणून आधी मेगर, म्हणजे गुंडाळीतून वीज कुठे गळते का ते तपासणारं यंत्र. आकडा जितका मोठा तितकी गुंडाळी कोरडी. व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर आधी तारा काढून वेगळा करायचा, नाहीतर तपासणीच्या 500 व्होल्टमध्ये त्याचाच बळी जातो. काटा अर्ध्या मेगओहमच्याही खाली थांबतो. निदान एक तरी हवा.

(जवळून: अल्टरनेटरच्या जाळीआड पेटलेला पिवळा बल्ब.)

हा बल्ब 100 वॅटचा, जुन्या पद्धतीचा, तारेचा. किनाऱ्यावरून वायर ओढून अल्टरनेटरच्या तोंडाशी ठेवलाय आणि वर जुनी गोणी. एलईडीची इथे मात्र काही गरज नाही, कारण तो नुसता उजेड देतो आणि मिस्त्रींना हवी आहे ऊब. असले चार बल्ब त्यांनी घरी कपड्यांत गुंडाळून ठेवलेत.

दोन दिवस बल्ब आपलं काम करतो, तोवर मिस्त्री डिझेलकडे वळतात. टाकी अर्धी ठेवून बोट शाकारली होती. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी झालं आणि तळाशी बसलं. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जिवाणू वाढतात. फिल्टरच्या वाटीत उतरलेला हा काळा, शेवाळासारखा बुळबुळीत गाळ त्यांचाच. वाटी धुतली, फिल्टर बदलला, आणि आता नळीत शिरलेली हवा काढायची. फिल्टरवरचा स्क्रू अर्धा फेरा सैल. छोट्या पंपाची दांडी अंगठ्याने खालीवर. आधी फुरफुर करत फेस येतो, मग बुडबुडे, मग काचेसारखं डिझेल. स्क्रू आवळला.

सेल्फ मारण्याआधी मिस्त्री समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करतात. हे बारकाईने बघा, कारण याच जागी भलेभले फसतात. बोटीच्या जनरेटरमध्ये थंडाव्याचं खारं पाणी शेवटी धुरासोबत बाहेर फेकलं जातं. मशीन चालू होत नाही आणि माणूस सेल्फ मारतच राहतो, तेव्हा पंप पाणी भरत राहतो, पण ते बाहेर ढकलायला धुराचा जोर नसतो. सायलेन्सर भरतो, आणि पाणी उलटं सिलिंडरात शिरतं. मशीनने सूर धरला की लगेच व्हॉल्व्ह उघडायचा. लगेच म्हणजे लगेच, कारण पंपातला रबरी पंखा कोरडा फिरला तर फार वेळ टिकत नाही.

(तिसरा दिवस. मेगरचा काटा तीनवर.)

मशीन बंद ठेवून, एव्हीआरच्या तारा सुट्या करून, बॅटरीच्या दोन वायरी एक्सायटरच्या, म्हणजे चुंबकत्व तयार करणाऱ्या, गुंडाळीला. अधिक अधिकाला, उणे उण्याला. "एक, दोन." झालं. तारा परत जोडल्या, मशीन मारलं, आणि केबिनमधला दिवा आधी लालसर झाला, मग पांढरा.

मालकाने चहा मागवला. चहा येईपर्यंत वीस मिनिटं गेली आणि मशीन आपोआप बंद पडलं.

तापलं होतं. इंजिनाच्या पाण्याची वाट तापमानानुसार उघडणारा थर्मोस्टॅट गेला असणार, मालक म्हणाला, आणि फोन काढून नव्याची किंमत बघायला लागला. मिस्त्री बोटीच्या मागच्या टोकाला गेले. मशीन थंड झाल्यावर परत चालू करायला लावलं, आणि धुराच्या नळीतून पडणारं पाणी बघत उभे राहिले. पिचकारी उडायला हवी. इथे धार बारीक, आणि सोबत वाफ.

पाण्याच्या वाटा दोन आहेत. इंजिनाच्या अंगातून फिरतं ते गोडं पाणी. ते बाहेर जात नाही. खारं पाणी समुद्रातून येतं, नळ्यांच्या एका जुडग्यातून जाताना गोड्याची उष्णता उचलतं आणि समुद्रात परत जातं. लिटरभर समुद्रात साधारण 35 ग्रॅम मीठ. इंजिनाच्या अंगात ते कुणालाच नको असतं, म्हणून हा सगळा द्राविडी प्राणायाम.

समुद्राचं पाणी गाळणारी जाळी उघडली: शेवाळ, आणि वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा. साफ केली. धार जरा सुधारली, पण पिचकारी नाही. मग पंपाचं झाकण.

(जवळून: तळहातावर काळा रबरी पंखा.)

सहा पाती असतात. चार आहेत. उरलेली एकाच बाजूला वाकून ताठरलीत, कारण पंखा पावसाळाभर पंपातच राहिला आणि दाबलेली पाती तशीच धरली. मे महिन्यात दोन स्क्रू जास्त काढून पंखा बाहेर ठेवला असता तर हे झालं नसतं. मिस्त्री तसं बोलून दाखवतात, दोनदा.

मालकाकडे नवा पंखा आहे. ग्रीस लावून बसवतो, झाकण लावायला घेतो.

"झाला, मिस्त्रीनू."

"दोन पाती खंय गेली?"

पंपातून तुटलेली वस्तू पाण्यासोबत पुढेच जाणार. पुढे पाइपचं वळण, तिथे काही नाही. त्याच्या पुढे ते नळ्यांचं जुडगं. बाजूचं टोपण काढलं, आणि नळ्यांच्या तोंडावर एक पातं आडवं चिकटलेलं. शेजारी दुसरं. जस्ताची कांडी, जी आपण झिजून तांब्याच्या नळ्या वाचवते, तिची पार काडी झालीय. ती अर्धी झिजली की बदलायची असते.

आता नळ्या साफ करायच्या. लोखंडी सळई नाही, बांबूची छिललेली काठी. एकेका नळीतून चुन्यासारखा थर निघतो. खालच्या रांगेतल्या एका नळीत काठी अडते. मिस्त्री दुसऱ्या टोकाने ढकलतात. टप्पकन काहीतरी खाली पडतं.

तिसरं पातं. जुनं, दगडासारखं कडक, कडा झिजलेल्या.

मिस्त्री ते मालकाच्या हातावर ठेवतात. "आणि ह्यां खंयचां?"

मालक जरा वेळ गप्प. मग आठवतं: दोन वर्षांपूर्वी भर हंगामात पंखा तुटला होता, बाहेरच्या कुणीतरी येऊन नवा टाकून दिला. तेव्हापासून मशीन तापायचं. उपाय म्हणून त्यांनी जनरेटरवरचं झाकणच काढून ठेवलं होतं.

(संध्याकाळ.)

रिकामं मशीन 52 हर्ट्झवर. कॉम्प्रेसर लावला. मोटर सुरू होताना चालू स्थितीच्या पाचसहा पट विद्युतप्रवाह ओढते, म्हणून दिवे मंदावतात, इंजिन कण्हतं, एक काळा झोत बाहेर पडतो आणि ठेका पुन्हा सरळ होतो. 50. हा भार त्याला हवाच. रात्रभर एका दिव्यासाठी चालवलेलं डिझेल इंजिन आतून काजळीने भरतं. कॉम्प्रेसरची हवा घ्यायची नळी मात्र मिस्त्रींनी वर, धुराच्या नळीच्या पार दुसऱ्या टोकाला बांधून घेतलीय. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि ती टाकी पाठीवर घेऊन कुणीतरी पाण्याखाली जाणार असतं.

एक तास होतो. तापमानाचा काटा ऐंशीवर. मागे पिचकारी उडतेय. मिस्त्री आपल्या तेलकट वहीत तारीख टाकतात, चालू तास लिहितात, आणि खाली: पाती गेली 2, मिळाली 3. मग मालकाकडून नव्या पंख्याचा रिकामा खोका मागून घेतात, त्यात तिन्ही पाती टाकतात आणि खोका जनरेटरच्या वर खिळ्याला टांगतात.