पाइप पत्र्याला कुठे भेटतो

मित्रहो, भोसरी-चाकण पट्ट्यात काम करणारे बरेच जण आज समोर बसले आहेत, म्हणून उदाहरण आपल्याच कामातले घेतो. बसमध्ये उभ्या प्रवाशांना आधारासाठी जो उभा पाइप असतो, तो खाली 2 मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यावर वेल्ड केलेला आहे असे समजू. परिमित घटक पद्धतीत, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून संगणकावर ताण काढण्याच्या पद्धतीत, आपण पाइपासाठी बीम (रेषेसारखा एलिमेंट) आणि पत्र्यासाठी शेल (पातळ पृष्ठासारखा एलिमेंट) घेतो, पाइपाचे खालचे टोक पत्र्यावरच्या एका नोडला, म्हणजे एलिमेंट जिथे जुळतात त्या बिंदूला, जोडतो, सॉफ्टवेअर काही तक्रार न करता उत्तर देते आणि आपण पुढच्या कामाला लागतो. माझे म्हणणे असे की असा जोड प्रत्यक्षात कुठेच नसतो. खरा पाइप पत्र्याला वेल्डच्या वर्तुळावर भेटतो, आणि ते वर्तुळ मॉडेलमध्ये आल्याशिवाय त्या जागेच्या उत्तरावर विसंबता येत नाही.

पातळ पत्र्याच्या एकाच बिंदूवर वाकवणारा मोमेंट (बल गुणिले अंतर, म्हणजे वळवणारा जोर) लावला, तर सिद्धांतानुसार त्या बिंदूचा फिरलेला कोन अमर्याद येतो. संगणकावर तो मर्यादित दिसतो, कारण एलिमेंटचा आकारच आपल्या नकळत वेल्डच्या व्यासाची जागा घेतो. पाइप अर्ध्या मीटर उंचीवर 20 न्यूटनने, म्हणजे साधारण दोन किलोच्या जोराने ओढला, की पायथ्याशी 10 न्यूटन-मीटर मोमेंट येतो. आता मेश, म्हणजे एलिमेंटची जाळी, निम्म्या आकाराची केली की पायथ्याचा कोन सुमारे 0.2 अंशाने वाढतो, पुन्हा निम्मी केली की पुन्हा तेवढाच वाढतो, आणि ही वाढ कधी थांबत नाही. उमेदवारीच्या काळात एका कामात मी असाच मेश बारीक करत बसलो होतो आणि शेवटी ज्या मेशचा ताण मर्यादेत बसला, तोच अहवालात लिहिला. चाचणीत तडा गेला तो वेल्डच्या कडेने, चंद्रकोरीसारखा वळत. माझ्या नोडच्या जागी पत्रा शाबूत होता. तो पत्रा मी अजून विसरलेलो नाही.

पिळाची गोष्ट याहून फसवी आहे. बीमच्या नोडला तीन सरकणी आणि तीन वळणे असतात, तर सपाट शेलच्या मूळ सूत्रांत पत्र्याला लंब असलेल्या अक्षाभोवतीचे वळण, ज्याला आपण ड्रिलिंग म्हणतो, नसतेच. ऑलमन यांनी 1984 साली कोपऱ्यांवर असे वळण असणारा त्रिकोणी एलिमेंट मांडला खरा, परंतु अनेक शेलमध्ये आजही गणित अडू नये म्हणून तिथे नाममात्र कृत्रिम ताठरता भरलेली असते, आणि आपल्या पाइपाचा सगळा पीळ त्या नाममात्र ताठरतेवर जाऊन बसतो.

यासाठी पत्र्याच्या मेशमध्ये पाइपाच्या व्यासाचे वर्तुळ आखून घ्यावे आणि त्यावरचे सगळे नोड बीमच्या टोकाशी बांधावेत. मग पीळ स्पर्शरेषेच्या दिशेने जाणारी बले होऊन पत्र्यात उतरतो आणि ड्रिलिंगवर अवलंबून राहावे लागत नाही. बांधणी कोणती, हा मात्र विचाराचा प्रश्न आहे. बीमच्या टोकापासून वर्तुळावरच्या नोडांपर्यंत कोळ्याच्या पायांसारखी पसरणारी ही बांधणी, म्हणजे स्पायडर, सॉफ्टवेअरमध्ये दोन प्रकारची मिळते. आरबीई-2 हा स्पायडर वर्तुळाला पूर्ण ताठ करतो. आरबीई-3 बल वाटून देतो, नोडांच्या हालचालीची सरासरी घेतो आणि स्वतःची ताठरता घालत नाही. मी दोन्ही करून पाहतो. दोन उत्तरांत फार अंतर पडले, तर पाइपाचा खालचा, व्यासाच्या दुप्पट उंचीचा तुकडा शेलमध्येच उभारतो आणि बीमची बांधणी वर नेतो, म्हणजे तिचा खोटेपणा वेल्डपर्यंत पोहोचत नाही.

बीम पत्र्याच्या पातळीतच येऊन कडेला टेकत असेल, तर तो एक-दोन एलिमेंट आतपर्यंत वाढवावा. मग त्याचा मोमेंट आतल्या नोडांवर बलांच्या जोडीत बदलतो.

मॉडेल तयार झाले की पाइपाच्या वरच्या टोकाला थोडा पीळ द्यावा, पाइपाचा स्वतःचा पीळकोन हाताने काढून एकूण कोनातून वजा करावा, आणि उरलेला जोडाचा कोन दोन वेगवेगळ्या मेशवर लिहून काढावा. वर्तुळ नीट बांधलेले असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात.