वर थांबणारा माणूस

भोसरी एमआयडीसी, सकाळचे नऊ. कारखान्याच्या मागे सांडपाण्याची टाकी, तिच्यावर बिडाचं झाकण. दोघं जण पहारीनं ते उचकटतात आणि लगेच मागे सरतात. आत वाकून कोणी पाहत नाही.

गाळ सडला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. सडक्या अंड्यांसारखा वास. जुने लोक सांगतात, ‘वास आला की वर यायचं.’ पण या वायूचं प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत 100 च्या आसपास गेलं, की थोड्याच वेळात नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला, असं वाटून माणूस काम करत राहतो. प्रमाण हजाराच्या पुढे असेल, तर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते.

वास नसलेल्या टाकीचाही भरवसा नाही. लोखंडी टाकी बरेच दिवस बंद राहिली की गंज चढताना आतला ऑक्सिजन संपत जातो. वेल्डिंगमध्ये वापरलेला आर्गॉन वायू तळाशी बसून राहतो. ना रंग, ना गंध. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली गेला की उतरायचं नाही. जीव घुसमटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. नुसता ऑक्सिजन कमी झाला तर शरीर फारशी कुरकुर करत नाही, माणूस उभ्या उभ्या कोसळतो.

गावाकडे विहिरीत आधी कंदील सोडायचे. ऑक्सिजन फार कमी असेल तर तो विझतो, हे खरं. पण जीव घेण्याइतका कार्बन मोनॉक्साइड असला तरी ज्योत तशीच तेवते, आणि मिथेन असेल तर भडकाच उडतो.

इथे गॅस डिटेक्टर आहे. नळी आधी झाकणाखाली, मग मध्यावर, मग तळाशी. मिथेन हलका, एलपीजी जड, एका जागी मोजून भागत नाही. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, कारण खालची हवा नळीतून वर यायला वेळ लागतो. घाई केली तर यंत्र वरच्याच हवेचा आकडा दाखवतं.

ऑक्सिजन 20.1 टक्के. हायड्रोजन सल्फाइड दहा लाखांत 14. अलार्म वाजतो, ताजी हवा आत ढकलणारा ब्लोअर सुरू होतो. काही ठिकाणी त्याऐवजी सिलिंडरमधला ऑक्सिजन सोडतात. हे भलतंच, तेलकट कपडे मग एका ठिणगीनं पेट घेतात.

2022 च्या मार्चमध्ये लोणी काळभोर भागात चार जण, ऑक्टोबरमध्ये वाघोलीत तीन जण सेप्टिक टाकीत दगावले. अशा घटनांत आकडा बहुतेकदा एकावर थांबत नाही. पहिला कोसळतो. वरचा हाका मारतो, ‘अरे, काय झालं रे?’ उत्तर येत नाही आणि तो शिडीवर पाय ठेवतो. आत भाऊ असतो, नाहीतर गाववाला. दोष त्याला कसा द्यायचा? न उतरता ओढून काढण्याची सोयच कोणी केलेली नसते.

1948 च्या कारखाना कायद्यानं, कलम 36 मध्ये, हे लिहून ठेवलं होतं: एकतर सक्षम व्यक्तीनं स्वतः तपासून दिलेलं लेखी प्रमाणपत्र, नाहीतर श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा. दोराचं दुसरं टोक कोणाच्या हाती? बाहेरच्या माणसाच्या. सोसायट्यांच्या सेप्टिक टाक्यांसाठी 2013 चा कायदा आहे. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे.

टाकीच्या तोंडावर तीन पायांचा स्टँड उभा राहतो. आत जाणाऱ्याच्या अंगावरच्या पट्ट्यांना, म्हणजे हार्नेसला, वायररोप, वर कप्पी आणि हँडल. वरच्या माणसानं जागा सोडायची नाही, चहालासुद्धा नाही. काही झालं तर हँडल फिरवायचं, 101 ला फोन करायचा. उतरायचं मात्र नाही.

जेवणाची सुट्टी संपते. मधल्या वेळात ब्लोअर बंद होता आणि ढवळलेल्या गाळातून वायू सुटतच होता. नळी पुन्हा खाली जाते: हायड्रोजन सल्फाइड 22. सुपरवायझर टाकीत उतरण्याचं सकाळचं परमिट रद्द करतो. ‘उद्याच करू. साहेबांना मी सांगतो.’