प्रोस्टेट आणि उष्णता: शेक कुठवर पोचतो?

[रात्रीची वेळ. मोरीच्या दाराखालून उजेड.]

साठी गाठेपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांची प्रोस्टेट वाढू लागलेली असते. ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. ती फुगली की मार्ग आवळतो. धार बारीक होते, थांबत थांबत येते, झोपेतून पुन्हा पुन्हा उठावं लागतं. घरात मात्र कुणी बोलत नाही. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी धरून रात्र काढली जाते.

त्या शेकानं बरं वाटतं, हे खरं आहे. आखडलेले स्नायू सैल पडतात. पण वरून दिलेला शेक वाढलेली ग्रंथी लहान करत नाही. गरम पट्टा बांधून प्रोस्टेट आकसेल असं कुणी सांगत असेल, तर कृपा करून पैसे घालवू नका.

[मूत्रमार्गाचं रेखाचित्र]

गुण येतो तो आतून दिलेल्या उष्णतेनं. मायक्रोवेव्ह उपचारात मूत्रमार्गातून एक नळी घालतात. तिच्यातला अँटेना प्रोस्टेटला ४५ अंश सेल्सिअसच्या वर तापवतो आणि त्याच नळीतून गार पाणी खेळवलं जातं, म्हणजे मूत्रमार्गाचं अस्तर भाजत नाही. तापलेल्या पेशी मरतात आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीर त्या शोषून घेतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९६ साली अशा यंत्राला मान्यता दिली. पुढे २००० मध्ये त्याच प्रशासनाला गंभीर इजांबद्दल इशारा द्यावा लागला. नळी जागची हलली तर भलताच भाग भाजतो. म्हणून रुग्णाला गाढ गुंगी द्यायची नाही. दुखतंय हे त्याला सांगता आलं पाहिजे.

नंतर वाफ आली. अमेरिकेत २०१५ पासून ती वापरात आहे. दुर्बिणीतून बारीक सुई ग्रंथीत टोचायची आणि ९ सेकंद वाफ सोडायची. वाफेचं तिथेच पाणी होतं आणि होताना ती आपली सगळी उष्णता पेशींना देते. जाहिरातीत याला ‘विनाशस्त्रक्रिया’ म्हणतात. चिरफाड नसते हे खरं, पण सुई आणि दुर्बीण आत जातेच.

उपचारानंतर आधी सूज येते, काही दिवस लघवीची नळी ठेवावी लागते. धार सुधारायला आठवडे लागतात, पूर्ण फरक कळायला तीनेक महिने. फार मोठ्या प्रोस्टेटला ऑपरेशनच बरं. पण त्या ऑपरेशननंतर वीर्य अनेकदा उलटं मूत्राशयात जातं, वाफेच्या उपचारात हे क्वचितच होतं. डॉक्टरांना विचारायला पुरुष लाजतात तो नेमका हाच प्रश्न. तो विचाराच.

[दवाखान्याचा दरवाजा]

लघवीतून रक्त आलं, तर आधी कर्करोग नाही ना याची तपासणी. आणि लघवी पूर्ण तुंबली, ओटीपोट टणक झालं, तर शेक देत सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा, नळी घालून मूत्राशय मोकळं करून घ्या.